सोयाबीन आपलं, मग टोफू परका का?

दिवाळीच्या आधी लातूर, वाशीम, यवतमाळकडे कुठेही जा, शेताशेतात सोयाबीनची सोंगणी चाललेली दिसते. कमरेत वाकून, वाळलेल्या शेंगांची टोकं हाताला टोचून घेत दिवसभर राबणाऱ्या बहुतेक आपल्याच आयाबाया असतात. मळणी झाली की पोती बाजार समितीत जातात आणि तिथून तेलगिरणीत. तेल बाटलीत भरलं जातं. तेल काढून उरलेली पेंड, जिच्यात सगळं प्रथिन शिल्लक असतं, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, जहाजात बसून परदेशीही जाते. आणि जिने ते सोयाबीन सोंगलं, तिच्या ताटात संध्याकाळी भाकरी, ठेचा आणि तळ दिसेल इतकं पातळ वरण.

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्ही टोफूचं नाव काढलं की आधी हशा पिकतो. हे जिममध्ये जाणाऱ्यांचं खाणं, मॉलमधल्या काचेच्या कपाटातलं, आपल्याला कुठलं परवडायचं! पण टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध फाडून केलेलं पनीर, बस्स. दूध गाई-म्हशीचं नाही, दाण्याचं. चीनमध्ये आणि जपानमध्ये तो शेकडो वर्षांपासून साध्या माणसाच्या रोजच्या जेवणात आहे. जपानच्या बौद्ध विहारांत भिक्खूंसाठी जो शाकाहारी स्वयंपाक होतो, त्यातही टोफूला मोठा मान आहे. तिकडे तो श्रीमंतीचा पदार्थ नाही. आपल्याकडे तो पाकिटात बंद होऊन, इंग्रजी नाव लावून आला, म्हणून महाग झाला.

भावाचा हिशोब करून बघा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नास रुपयांच्या आत. बाजारात तर कितीतरी दिवस तेवढाही मिळाला नाही. शेतकऱ्याच्या भावाने धरलं तर पाव किलो सोयाबीन बारा-तेरा रुपयांचं. किराणा दुकानातून घेतलं तर थोडं जास्त पडेल. त्यात तीन-चार लिंबं आणि गॅस धरा. एवढ्यात घरी साडेतीनशे ते चारशे ग्रॅम टोफू निघतो. दुकानातल्या दोनशे ग्रॅमच्या पाकिटावरची किंमत एकदा वाचा आणि मग ठरवा.

आता आम्ही हे इतकं का सांगतोय? नर्सिंगच्या नोकरीत वर्षानुवर्षं आम्ही बायकांचे हात धरून शीर शोधली आहे, पापणी खाली ओढून आतली पांढुरकी कड पाहिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त. त्यात लोहाची कमतरता असते, प्रथिनाची असते, आणि ‘सगळ्यांचं झालं की मी जेवते’ या सवयीचाही मोठा वाटा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. ज्वारीच्या दोन भाकरींतून बारा ग्रॅमच्या आसपास मिळतं. घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात. वरण पातळ असेल तर त्याच्याही निम्मं. उरलेलं कुठून आणणार? गरोदर बाईला, अंगावर पाजणारीला तर याहून जास्त लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मांसाहार सोडा, असं आम्ही सांगत नाही. मटण, मासे, सुकट, अंडी आपल्या आज्यांनी खाल्ली, त्यावर घरं उभी राहिली. २०१५ साली राज्यात बैल-वळूच्या मांसावर बंदी आली तेव्हा गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रथिन गेलं, हे आम्ही विसरलेलो नाही. शाळेतल्या पोरांच्या ताटातलं अंडं काढून टाकण्यासाठी कोणी टोफूचा दाखला दिला, तर आम्ही पहिले विरोधात उभे राहू. टोफू हा पवित्र पदार्थ नाही आणि मटण अपवित्र नाही. पण रोज मटण-अंडी परवडत नाहीत. काही घरांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत सामिष बंद असतं आणि त्याची जागा बटाटा घेतो. काही तरुण मुलं-मुली विचार करून दूधही सोडतात. या सगळ्या घरांसाठी हा पदार्थ कामाचा आहे.

कोणी विचारेल, मग सोयाबीनच्या वड्या काय वाईट? वाईट मुळीच नाहीत. शंभर ग्रॅम सुक्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं आणि पाच मिनिटांत त्या भिजतात. ज्या बाईला सकाळी सहाची गाडी पकडायची आहे तिने वड्याच कराव्यात, आमचं काही म्हणणं नाही. घरच्या टोफूत शंभर ग्रॅमला दहा-बारा ग्रॅम प्रथिन असतं, कारण त्यात पाणी भरपूर असतं. त्याचा फायदा वेगळा आहे. दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो चावता येतो, लहान मूल आवडीने खातं, चोथा गाळला गेल्यामुळे पोटाला जड होत नाही. आणि नीट भाजला तर इतका कुरकुरीत होतो की ताटात कमी पडतो.

दूध काढण्याआधी

सोयाबीन खाण्याचं घ्या, पेरणीचं नको. हे आम्ही प्रत्येक बैठकीत दोनदा सांगतो. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेलं असतं. पिशवी उरली म्हणून धुऊन खाऊ, हा विचार मनातही आणू नका. ते धुऊन जात नाही. घरच्या शेतातलं असेल तर मळणीनंतरचं, औषध न लावलेलं, कोरडं ठेवलेलं घ्या. काळे पडलेले, बुरशीचे, फुटके दाणे निवडून टाका. पावसात भिजलेल्या मालाला कुबट वास येतो. तसा वास आला तर तो माल खाण्यात घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

पाव किलो सोयाबीन तीन-चार पाण्यांतून धुऊन रात्रभर भिजत घाला. थंडीत दहा तास, उन्हाळ्यात सहा-सात पुरतात, आणि उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस होतं. दाणा दुपटीहून जास्त फुगतो म्हणून भांडं मोठं घ्या. सकाळी दाणा बोटांनी दोन भागांत फोडून बघा. आत सगळीकडे सारखा रंग दिसला की भिजला. मधोमध खळगा आणि गडद ठिपका असेल तर अजून थांबा. भिजवलेलं पाणी फेकून द्या, त्यात सोयाबीनचा उग्रपणा उतरलेला असतो. दाणे चोळून सालं काढली तर चव आणखी सौम्य येते. वेळ नसेल तर राहू द्या.

मग थोडं थोडं मिक्सरमध्ये पाणी घालून अगदी बारीक वाटा. पाव किलोला एकूण दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं. हे सगळं मोठ्या, जाड बुडाच्या पातेल्यात ओता. पातेलं अर्ध्याहून जास्त भरायचं नाही. का, ते लगेच कळेल.

उकळण्याची ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये असे घटक असतात जे आपल्या पोटातल्या प्रथिन पचवणाऱ्या पाचकरसाला काम करू देत नाहीत. कच्चं किंवा अर्धकच्चं दूध प्यायलं की मळमळ, पोटदुखी, जुलाब. भरपूर उष्णता दिली की ते घटक निकामी होतात. पण सोयाबीनचं दूध फसवं असतं. खरी उकळी यायच्या बरंच आधी ते फेसाळून भसकन वर येतं. गाईच्या दुधाची सवय असलेल्या बाईला वाटतं, आली उकळी, आणि ती गॅस बंद करते. ती उकळी नसते, नुसता फेस असतो. फेस वर आला की आंच मंद करा, झाऱ्याने फेस काढा आणि तळापासून ढवळत राहा. हळूहळू फेस बसतो आणि खाली खदखदणं सुरू होतं. तिथून पुढे किमान दहा मिनिटं, जमल्यास पंधरा. बुडाला लागतं, म्हणून हात थांबवू नका. कच्च्या शेंगांसारखा हिरवट वास जाऊन भाजलेल्या दाण्यासारखा गोडसर वास आला की समजा झालं.

आता स्वच्छ सुती कापडातून गाळा. जुन्या धुतलेल्या धोतराचं किंवा सुती साडीचं कापड चालतं, फक्त आधी उकळत्या पाण्यात घालून काढा. दूध गरम असतं, चटका बसतो. पुरचुंडी बांधून उलथण्याने किंवा लाटण्याने दाबा, घाईने हात लावू नका. कापडात राहिलेला चोथा फेकायचा नाही, त्याचं पुढे बघू.

दूध फाडणं आणि दाबणं

गाळलेलं दूध पुन्हा गरम करा, उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा. अगदी खळखळत्या दुधात आंबट घातलं तर टोफू रबरासारखा होतो, कोमट दुधात घातलं तर धरतच नाही. तीन-चार लिंबांचा रस, म्हणजे साधारण चार मोठे चमचे, तेवढ्याच कोमट पाण्यात मिसळा. हे तीन वेळा थोडं थोडं घाला आणि प्रत्येक वेळी डाव एकदाच हळू फिरवा. पनीर करताना आपण भराभर ढवळतो, तसं इथे करायचं नाही, धरलेल्या गुठळ्या मोडतात. झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. झाकण काढल्यावर पांढरे ढग आणि त्यांच्यामध्ये पिवळसर, आरपार दिसणारी निवळी दिसली पाहिजे. निवळी अजून दुधाळ असेल तर आणखी चमचाभर लिंबूपाणी घाला.

लिंबाऐवजी व्हिनेगरही चालतं. बाहेरच्या देशांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार वापरतात, तेही उत्तम, पण ते खाण्यासाठी म्हणूनच विकलेले असले पाहिजेत. कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी मिळते. ते पिकाचं खत आहे. नाव सारखं दिसलं म्हणून स्वयंपाकघरात आणू नका. इथे आणखी एक बारकावा आहे. टोफूत कॅल्शियम भरपूर असतं असं जे ऐकायला मिळतं, ते कॅल्शियमच्या क्षाराने फाडलेल्या टोफूबद्दल खरं आहे. लिंबाने केलेल्यात तेवढं नसतं. म्हणून दूध पूर्ण बंद केलेल्या घरात नाचणी, तीळ, शेवगा, राजगिऱ्याची पालेभाजी ही पानात राहिलीच पाहिजे.

चाळणीत कापड अंथरून गुठळ्या ओता, कापडाची घडी घाला, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या किंवा वरवंटा. अर्ध्या तासात मऊ वडी होते. भाजायला घ्यायचा असेल तर तासभर दाबा. घट्ट झालेला टोफू थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवला आणि रोज पाणी बदललं तर तीन-चार दिवस टिकतो. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा. आंबट वास किंवा चिकटपणा आला तर ‘उकळून घेऊ’ म्हणू नका, टाका.

कुरकुरीत होण्याचं गणित

बैठकीत सगळ्यात जास्त तक्रार हीच असते: टोफू मऊचा मऊच राहतो, तव्याला चिकटतो, पोरं तोंड वेंगाडतात. कारण एकच, पाणी. वरच्या थरात पाणी आहे तोवर तिथली उष्णता पाणी उकळण्यातच खर्च होते. पाणी गेलं की मगच वरचा थर लालसर होतो, खमंग वास सुटतो आणि कुरकुरीतपणा येतो. तेव्हा तेल वाढवून काही होत नाही. पाणी काढावं लागतं.

आम्ही तीन गोष्टी करायला सांगतो. टोफूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. हाताने तोडले तर आणखी चांगलं, खडबडीत कडा जास्त कुरकुरीत होतात. हे तुकडे कडकडीत गरम मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाणी काढण्यासाठी पाण्यात टाकायचं हे ऐकून बायका हसतात, पण गरम मिठाचं पाणी आतलं पाणी बाहेर ओढतं, शिवाय मीठ आतवर मुरतं. मग निथळून कोरड्या फडक्यावर पसरा आणि वरून टिपा. शेवटी मोठा चमचाभर तेल, चमचाभर तिखट, चिमूटभर हळद, थोडी धणे-जिरेपूड लावून वर दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ भुरभुरा. पीठ उरलंसुरलं पाणी शोषून घेतं आणि त्याचंच कवच होतं. कॉर्नफ्लोअर घरात असेल तर ते, नसेल तर मुद्दाम आणायला जाऊ नका. बेसन मात्र कमी घाला, जास्त झालं की भजी होते आणि तेल मागते. आलं-लसणाचं ओलं वाटण आधी लावू नका. ते पाणी सोडतं आणि करपतं. लसणाची चव हवी असेल तर भाजून झाल्यावर कोरड्या लसूण चटणीत घोळवा. आम्हाला तीच चव सगळ्यात आवडते.

घरात ओव्हन असेल तर २०० अंशांवर आधी तापवून घ्या, तुकडे एकमेकांना न चिकटवता पसरा, पंधरा मिनिटांनी उलटा, पुन्हा दहा-पंधरा मिनिटं. साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही, त्यात टोफू चामट होतो. कन्व्हेक्शनचं बटण असेल तरच लावा.

पण बहुतेक घरांत ओव्हन नाही. तिथे जाड बुडाची जुनी अॅल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई काढा. तळाला दोन बोटं जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उपडी वाटी ठेवा, झाकण घालून मध्यम आंचेवर पंधरा मिनिटं तापवा. मग तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या ताटलीत तुकडे ठेवून चाळीस मिनिटांच्या हिशोबाने भाजा, मध्ये एकदा उलटा. झाकण घट्ट लावू नका. उलथणं अडकवून बोटभर फट ठेवा म्हणजे वाफ निघून जाईल. वाफ कोंडली तर तुम्ही टोफू उकडताय, भाजत नाही. नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका, कोरडं इतकं तापवलं की त्याचा थर खराब होतो आणि घातक धूर निघतो. कुकर रिकामा तापवणंही नको. मीठ थंड झालं की डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच चालतं.

खरं सांगायचं तर कढईतला टोफू ओव्हनसारखा लाल होत नाही, थोडा फिकट राहतो. घाईच्या दिवशी आमचं मत लोखंडी तव्याला. तवा चांगला तापू द्या, दोन चमचे तेल पसरा, तुकडे ठेवा आणि मग चार मिनिटं त्यांना हात लावू नका. सारखं उलथणं घालण्यानेच ते चिकटतात आणि तुटतात. खालची बाजू भाजली की तुकडा आपोआप सुटतो. चुलीच्या निखाऱ्यावरच्या तव्याला तर तोड नाही.

ताटात कसा येतो

गरम ज्वारीची भाकरी, कुरकुरीत टोफू, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वरून पिळलेलं लिंबू. हे पूर्ण जेवण आहे. मुलांच्या डब्यात पोळीला चटणी लावून आत टोफू आणि गाजर-कोबी घालून गुंडाळी करा. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शात घालायचा असेल तर वाढताना घाला, उकळत ठेवला की सगळी मेहनत पाण्यात. मेथी, पालक परतताना शेवटी टाकला तर भाजीला भार येतो. उरलेला मऊ, न भाजलेला टोफू कुस्करून कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद घालून परता. अंड्याच्या भुर्जीची सवय असलेली माणसं एक घास थांबतात, मग दुसरी पोळी मागतात.

लिंबू मात्र विसरू नका, आणि ते चवीपुरतं नाही. सोयाबीनमध्ये लोह आहे, पण ते शरीराला सहजी मिळत नाही. लिंबू, आवळा, टोमॅटो यांच्यातलं क जीवनसत्त्व ते मिळवायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह अडतं. चहा तासभर पुढे ढकला. आणि ज्या ताईचं हिमोग्लोबिन कमी आहे तिने आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या टोफूच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत.

ज्यांनी दूध, दही, अंडी, मांस सगळंच सोडलं आहे त्यांच्यासाठी आणखी एक महत्त्वाचं. ब-१२ हे जीवनसत्त्व सोयाबीनमध्ये नाही, कुठल्याच डाळीत, भाजीत भरवशाचं नाही. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि हे इतकं हळू होतं की माणूस वयाला दोष देत बसतो. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घ्यायलाच हवी. यात तडजोड नाही.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती सकाळी रिकाम्या पोटी घ्या आणि सोयाबीनचे पदार्थ त्यानंतर चार तासांनी. जवळ जवळ घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. किडनीचा त्रास असणाऱ्याने किती प्रथिन खायचं ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. सोयाबीन खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर ती ॲलर्जी आहे, थेट दवाखाना गाठा. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी सोयाबीनचं घरगुती दूध देऊ नका, त्यावर त्याची वाढ होणार नाही. आणि पुरुषमंडळींच्या कानात कोणी सांगितलेलं असतं की सोयाबीनने मर्दानगी जाते. जेवणात खातो तेवढ्या सोयाबीनने पुरुषांच्या हार्मोनवर असा काही परिणाम होत नाही. दोन ताटं वाढा त्यांनाही.

सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात चार-पाच तुकड्यांवर थांबा. पोट फुगलं तर घाबरू नका, हळूहळू प्रमाण वाढवा.

राहिला तो चोथा. पाव किलो सोयाबीनमधून चांगली मोठी वाटी-दोन वाट्या निघतो आणि त्यात तंतू तर असतातच, थोडं प्रथिनही उरलेलं असतं. तो ओला असतो म्हणून लवकर नासतो, त्याच दिवशी वापरा. ज्वारीचं पीठ, बेसन, कांदा, कोथिंबीर, ओवा घालून त्याचं थालीपीठ छान होतं. वड्या, कटलेट, पराठ्याचं सारण, कशातही जातो. उन्हाळ्यात कडक उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवला तर डब्यात राहतो आणि भाकरीच्या पिठात मूठभर मिसळता येतो. निवळीत कणीक मळा किंवा वरणात घाला, किंचित आंबट असते, चव बिघडत नाही. उरलीच तर पूर्ण थंड करून, साधं पाणी मिसळून परसातल्या झाडाला घाला.